सांगून जाणारी धनलक्ष्मी

धनलक्ष्मी पहिल्यांदा व्यासराजांच्या घरी आली तेव्हा तिनं पोरीकडे वळूनही पाहिलं नाही. दाराबाहेर चपला काढल्या, भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि आधी घर न्याहाळलं. बाल्कनीची जाळी कुठवर आहे, गॅसचं बटण पोरीच्या हाताला लागतं का, न्हाणीघराचा उंबरा केवढा आहे. जमीन विकत घ्यायला आलेला जाणता माणूस उभ्या पिकाला भुलत नाही, आधी बांध चालून बघतो, पाणी कुठं मुरतं ते बघतो. तशी ती बसल्या जागेवरून घर चालून आली. मग पदरानं मान पुसत म्हणाली, "पाणी द्या."

व्यासराजांनी पाणी दिलं. तांब्या धरलेला उजवा हात थरथरत होता. तिनं तेही पाहिलं.

माणसं पारखणं हे व्यासराजांचं जन्माचं काम. चेन्नईजवळच्या आवडी गावी एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी नेमणुकीचे कागद सांभाळले. कुणाला घेतलं, कुणाला कायम केलं, कुणाला परत पाठवलं, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं. घराणं तंजावूरकडचं मराठी. कितीतरी पिढ्यांमागे देश सुटला, पण उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याच्या बाहेर तमिळ हा नेम सुटला नव्हता. बायको चार वर्षांमागे गेली. आता अंबत्तूरला दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मुलगा मुरली, सून लावण्या आणि तेरा महिन्यांची नात संयुक्ता.

अडचण अशी होती. लावण्यानं सहा महिने रजा घेतली, पुढं सहा-सात महिने घरून काम केलं. आता तिच्या ऑफिसनं सगळ्यांनाच परत बोलावलं होतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. मुरलीची नोकरी दिवसभराची. आणि आजोबांच्या हाताला कंप. मागं एकदा दुधाची वाटी पोरीच्या अंगावर सांडली, कोमट होती म्हणून बरं. तेव्हापासून डॉक्टरांनी पोरीला उभ्यानं उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

तंजावूरहून विहीणबाईंचा फोन आला. कुणी मिळत नसेल तर पोर माझ्याकडे पाठवा, दोन वर्षं सांभाळते, शाळेच्या वेळेला परत न्या. मायेनंच म्हणाल्या बिचाऱ्या. पण व्यासराज फोन ठेवून कितीतरी वेळ खुर्चीत बसून राहिले. सकाळी पेपर वाचताना कागदाचं टोक ओढणारा हात घरात नसेल, हे त्यांना काही केल्या डोळ्यांसमोर आणता येईना. त्याच दिवशी त्यांनी एक फाईल केली, आत तेरा प्रश्नांचा कागद लावला आणि बाई शोधायचं काम स्वतःकडे घेतलं.

एजन्सीनं तीन बायका पाठवल्या. पहिली लिफ्ट नाही म्हणून जिन्यावरूनच फोन करून परत गेली. दुसरीनं आल्या आल्या पोरीला कडेवर घेतलं, पोर रडली तशी मोबाइलवर गाणं लावलं, पोर गप्प. लावण्याला ते भावलं, व्यासराजांना नाही. तिसरीनं तेराही प्रश्नांची इतकी गोड उत्तरं दिली की मुरली म्हणाला, अप्पा, ही पाठ करून आलीय. सोमवार पंधरवड्यावर आला आणि फाईल तशीच राहिली. तेव्हा कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यानं, गुरुमूर्तींनी, धनलक्ष्मीचं नाव सांगितलं. त्यांचे दोन्ही नातू हिच्या हातचे. वय पंचावन्नच्या आसपास, आवडीलाच राहते, गाडीनं येईल. स्वभाव मात्र करडा आहे, एवढं त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

व्यासराजांनी चष्मा लावला आणि कागद पुढं घेतला. तिला मराठी येत नव्हतं, बोलणं तमिळमध्ये.

"किती मुलं सांभाळलीत?"

"अकरा. माझी एक धरली तर बारा. पण तिला मी सांभाळलं असं म्हणता यायचं नाही."

त्यांनी अकरा लिहिलं आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. पण दुसरा प्रश्न तिनंच विचारला, तमिळ रीतीनं त्यांना अय्या, म्हणजे साहेब, म्हणत.

"या घरात पोरीशी खोटं कोण बोलतं, अय्या?"

व्यासराजांची लेखणी थांबली. आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही, असं त्यांनी जरा ताठ्यात सांगितलं.

"सगळ्या घरांत बोलतात. औषधाला मध म्हणतात. एक घास खा, चांदोबा देते म्हणतात. आई न्हाणीघरात असते आणि पोराला सांगतात बाजारात गेली."

"अप्पा," शेजारी बसलेला मुरली मराठीत म्हणाला, "उत्तरात तुमचं नाव लिहा."

धनलक्ष्मीनं मग आपली रीत सांगितली. कुणाला पटवायचंय असा तिचा सूर नव्हता, पेरणीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. पहिले तीन दिवस ती पोरीला हात लावणार नाही. घरात बसेल, भाजी निवडेल, पोर आपणहून येईल तेव्हाच घेईल. चौथ्या दिवसापासून आईनं रोज ऑफिसची पिशवी खुंटीवरून काढायची, पोरीसमोर चपला घालायच्या, दारात उभं राहून जाऊन येते म्हणायचं आणि जायचं. पहिल्या दिवशी नुसतं जिन्याच्या वळणापर्यंत, मग दुधाच्या बूथपर्यंत, मग तासभर, मग अर्धा दिवस. पोर रडेल. रडू द्यायचं. आई गेली की येते, एवढं तिला कळायला आठ-नऊ दिवस लागतात. काहींना जास्त लागतात.

"आणि कुणी तिला फसवून निघालं तर मी त्या दिवशी काम सोडते. राग म्हणून नाही. पुढं माझा उपयोग राहत नाही म्हणून."

व्यासराजांनी तेरा प्रश्नांचा कागद मिटला. बारा प्रश्न उरले होते. ते त्यांनी पुन्हा कधी विचारले नाहीत.

मग पुढचे दिवस त्यांनी खुर्चीत बसून तिचं काम पाहिलं, आणि चौतीस वर्षांत एवढं नेमकं काम आपण किती जणांचं पाहिलं ते बोटांवर मोजून पाहिलं. बोटं फार पुढं गेली नाहीत. सकाळी सव्वासातला ती दारात. तीन दिवस खरोखरच तिनं पोरीला हात लावला नाही. शेवग्याच्या शेंगा सोलत बसायची आणि जे करील ते, स्वतःला आयाम्मा म्हणजे आया म्हणत, बोलून करायची. आता आयाम्मा उठते. आता आयाम्मा आत जाते, गॅस लावते आणि येते. बघ, आली. व्यासराजांना आधी ती बडबड वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोर रांगत गेली, तिच्या मांडीवरची एक शेंग उचलली आणि तिथंच बसली. धनलक्ष्मीनं मान वर केली नाही. शेंगा सोलत राहिली. पोरीनं आपलं डोकं तिच्या गुडघ्याला टेकवलं तेव्हा कुठं तिनं तो भाजीचा हात धुतला आणि पोरीच्या पाठीवर ठेवला.

दात येतोय हे तिला पोरीच्या मुठीवरून कळायचं, गालावरून नव्हे. नाचणीची कांजी ती अशी शिजवायची की चमचा तिरका केला की थेंब पडायच्या आधी एक क्षण थांबावा. त्यापेक्षा पातळ झाली तर पोटाला टिकत नाही, घट्ट झाली तर गिळायला जड. पोर पडली की ती धावत जायची नाही, जवळ जाऊन बसायची आणि म्हणायची, पडलीस. लागलं. मग पोर रडून घ्यायची आणि उठायची.

पण जाऊन येते म्हणायचा सराव सुरू झाला आणि व्यासराजांच्या मनाला एक खडा टोचू लागला.

या घरची चाल अशी की बाहेर पडणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, कुठं म्हणून विचारायचं नाही, आणि उंबऱ्यावर कुणाचं रडू तर त्याच्या कानावर मुळीच पडू द्यायचं नाही. निघताना पोर रडलं की काम फिसकटतं. मुरली लहान होता तेव्हा व्यासराज कारखान्याला निघायच्या वेळी त्याची आई त्याला गुळाचा खडा देऊन मागच्या अंगणात न्यायची. चौतीस वर्षं ते असे शांत दारातून गेले आणि शांत दारातून परत आले. आता रोज सकाळी सून दारात उभी राहते, पोर टाहो फोडते आणि कुणी तिला आत नेत नाही. ते गप्प बसले, कारण त्यांनी मनाची समजूत घातली होती. सरावाचं जाणं म्हणजे काही जाणं नव्हे. दुधाच्या बूथपर्यंत जायला शकुन लागत नाही.

सोमवार मात्र खरा होता.

त्यात सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ आणि ऑफिसची बस सव्वाआठला. बस काही पंचांग बघून येत नाही. व्यासराजांनी त्यावर आपला जुना तोडगा काढला. वेळ वाईट असली की जाणाऱ्याची एक वस्तू आधीच चांगल्या वेळी शेजारी नेऊन ठेवायची, म्हणजे माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. रविवारी सकाळी दहा वाजता, पोर झोपलेली असताना, त्यांनी लावण्याची निळी पिशवी खुंटीवरून काढली आणि तळमजल्यावर कनकाबाईंकडे नेऊन ठेवली. लावण्याला सांगितलं, ती नुसती हसली. तिच्या परीक्षांच्या वेळी तिच्या वडिलांनीही हेच केलं होतं.

सोमवारी आठ वाजता व्यासराज धनलक्ष्मीला म्हणाले, कांजी खाली लागतेय वाटतं, जरा बघा. ती आत गेली. त्यांनी पोरीचं बोट धरून तिला मागच्या बाल्कनीत नेलं, खाली बसवलं आणि नारळाच्या झाडावरची खार दाखवली. मग मान वळवून सुनेला खुणेनं सांगितलं, जा.

लावण्या दाराशी क्षणभर उभी राहिली. तिनं घड्याळ पाहिलं, पोरीची पाठ पाहिली. पोरीचं रडू ऐकत ऑफिसला जायचं तिच्याही जिवावर आलं होतं. तिनं चपला हातात घेतल्या, वाजू नयेत म्हणून, आणि अनवाणी जिना उतरली.

खार गेली. पोर रांगत आत आली. न्हाणीघराच्या दाराशी गेली, पडद्यामागं पाहिलं. मग तिनं वर खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी. आई गेली हे तिला कळलं. पण आई जाताना जे होतं त्यातलं काहीच झालं नव्हतं. पिशवी निघाली नाही, चपला वाजल्या नाहीत, जाऊन येते कुणी म्हटलं नाही. मग ती परत यायची कशी?

ती जी रडली ते रोजचं रडणं नव्हतं. अंग मागं टाकून, श्वास कोंडून. वाटी भिरकावली. धनलक्ष्मीनं हात पुढं केले तर तेही ढकलले. आठवडाभर जिच्या खांद्यावर झोपली त्या बाईलाही ती जवळ येऊ देईना.

धनलक्ष्मीनं खुंटीकडे पाहिलं.

"पिशवी कुठाय, अय्या?"

व्यासराजांनी सगळं सांगितलं. राहुकाळ, प्रस्थान, घरची चाल, क्रमानं, सवयीप्रमाणे. कार्यालयात टिपणी वाचावी तसं ते निघालं, आणि पोरीच्या आक्रोशात त्यांचं त्यांनाच ते ऐकू येईना. धनलक्ष्मीनं मध्ये तोडलं नाही. ती पोरीपासून दोन हात लांब जमिनीवर बसली होती आणि पोरीकडेच बघत होती.

अर्धा तास गेला. पोरीचा आवाज बसला, पाण्याचा घोट घेईना. व्यासराजांना दिसत होतं ते एवढंच: ही बाई आता उठेल, सांगितल्याप्रमाणे जाईल, आणि संध्याकाळी आपल्याला तंजावूरला फोन करावा लागेल. या या, घेऊन जा.

"तुम्ही जाणार का?" त्यांनी विचारलं.

"माझं नंतर बघू. आधी तुम्ही जा."

त्यांना कळलं नाही.

"चपला घाला. हिच्यासमोर घाला. जाऊन येतो म्हणा, जिना उतरा आणि परत या."

घड्याळात नऊला वीस कमी होते. त्यांचे डोळे तिकडे गेलेले तिनं पाहिले.

"नऊपर्यंत थांबलो तर?" ते म्हणाले.

"मला काय विचारता, हिला विचारा."

व्यासराजांनी चपला घातल्या. कंपानं पट्टा अंगठ्यात जाईना, खाली वाकून हातानं सरकवला. दारात उभे राहिले. एकोणसत्तर वर्षांत ते राहुकाळात कधी निघाले नव्हते, मागं रडू ठेवून तर नाहीच. मराठीत म्हणाले, "संयुक्ते, आजा जाऊन येतो." आणि निघाले. मागून जे ऐकू आलं ते ऐकत त्यांनी एक-एक पायरी उतरली. वळणाशी थांबले, परतले, दारात उभे राहिले. "आलो."

पोर रडतच होती.

"पुन्हा," धनलक्ष्मी म्हणाली.

दुसऱ्यांदा ते तळमजल्यापर्यंत गेले. कनकाबाईंनी दार उघडून काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, जाऊन येतोय, एवढंच बोलून ते वर चढले. तिसऱ्यांदा निघताना त्यांनी विचारलं, येताना बिस्कीट आणू का, म्हणजे ती शांत होईल. धनलक्ष्मीनं मान हलवली. काही आणू नका. आणलंत तर ती बिस्किटाची वाट बघेल. तिनं तुमची वाट बघायला हवी.

ते रिकाम्या हातानं गेले आणि रिकाम्या हातानं आले. चौथ्यांदा फाटकापर्यंत. पाचव्यांदा रस्त्याच्या कडेला मोटारसायकली जाऊ देत उभे राहिले, मनात शंभर मोजले. नऊ कधी वाजून गेले त्यांना कळलं नाही. सदरा पाठीला चिकटला. कनकाबाई आता दारातच उभ्या राहून बघत होत्या. पाचव्यांदा वर आले तेव्हा पोर हुंदके देत होती, पण दाराकडे तोंड करून बसली होती. सहाव्यांदा त्यांनी चपला घातल्या तशी ती गप्प झाली आणि त्यांच्या पायांकडे पाहू लागली. सातव्यांदा ते दुधाच्या बूथपर्यंत जाऊन आले. पोर उंबऱ्याच्या आत बसली होती, डोळे सुजलेले, जिन्याकडे टक लावून. त्यांचं टक्कल कठड्यावर दिसलं तशी तिनं हात वर केले.

उभ्यानं उचलायची मनाई होती. ते उंबऱ्यावरच बसले आणि तिला मांडीवर घेतलं. धनलक्ष्मीनं कांजीची वाटी आणली आणि पोर ती तिच्याच हातून प्यायली.

दुपारी पोर झोपल्यावर व्यासराजांनी बाराव्या मुलाबद्दल विचारलं. धनलक्ष्मी पोरीचे कपडे घडी घालत होती. घड्या घालणं थांबलं नाही, बोलली मात्र. लेकीचं नाव जननी. ती तीन वर्षांची असताना नवरा गेला, आणि हिला मैलापूरला एका घरी मूल सांभाळायचं काम मिळालं. राहूनच काम. सासू म्हणाली, पोर झोपेत असतानाच नीघ, रडू कानावर घेऊन जाऊ नये. ही पहाटेच निघाली. महिन्यानं गावी गेली तर पोर जवळ येईना. सासूनं सांगितलं, ही रात्रीची झोपतच नाही, झोपलं की माणसं जातात म्हणते. जननीची आता दोन मुलं आहेत, नर्सची नोकरी आहे, आईशी चांगली बोलते. पण अजून दिवा विझवून झोपत नाही.

"ज्यांच्या घरी होते त्यांचं मूल मात्र छान झोपायचं," धनलक्ष्मी म्हणाली आणि घडी घातलेले कपडे घेऊन आत गेली.

सहाला लावण्या आली. तिनं घंटा वाजवली आणि दारात थांबली, आत धावत आली नाही. व्यासराजांनी कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं, सकाळी मी फसवलं. लावण्या म्हणाली, मामंजी, चपला मी हातात घेतल्या होत्या. पोर तिच्या गळ्यात पडली होती आणि सोडत नव्हती.

तेवढ्यात तंजावूरहून फोन आला. विहीणबाई विचारत होत्या, पहिला दिवस कसा गेला, मी शुक्रवारच्या गाडीनं येऊ का. व्यासराजांनी एक मिनिट म्हणून फोन छातीशी धरला आणि धनलक्ष्मीकडे वळले. तिनं पिशवी खांद्याला अडकवली होती. सहा चाळीसची गाडी.

"तुमची अट मी मोडली," ते म्हणाले. "मी त्यांना काय सांगू?"

धनलक्ष्मीनं पदर खोचला.

"याआधी तीन घरांत मोडली. चूक झाली म्हणाले, मोठमोठी माणसं. पण जिना कुणी उतरलं नाही."

मग ती पोरीसमोर खाली बसली. चपला तिच्या देखत पायात सरकवल्या. "आयाम्मा घरी जाते. रात्र होईल, उजाडेल, मग येते." आणि उठून चालू लागली.

पोरीनं आईच्या खांद्यावरून हात पुढं केले आणि दाराकडे बघून मोठ्यानं रडायला सुरुवात केली. लावण्यानं तिला आत नेलं नाही. व्यासराज कठड्याशी उभे होते, जिन्यावरून उतरत जाणारी पावलं ऐकत. मग त्यांनी फोन कानाला लावला.

"पोर रडतेय का हो?" विहीणबाई पलीकडून काळजीनं विचारत होत्या.

"रडतेय," व्यासराज म्हणाले. "तिची आयाम्मा आत्ता घरी गेली, उद्या सकाळी येईल. तुम्ही शुक्रवारी खुशाल या, चार दिवस राहा. तिला न्यायला मात्र येऊ नका."